मंडालेतल्या वह्या

लोकमान्य म्हटलं की सिंहगर्जना वगैरे आठवते. मला मात्र हल्ली त्यांच्या मंडालेतल्या वह्या आठवतात.

22 जुलै 1908. दुसऱ्या दिवशी टिळकांना 52 वर्षं पूर्ण होणार आणि आदल्या रात्री सहा वर्षांची शिक्षा. मंडालेत लिहायला सुटे कागद नाहीत, पानं मोजून बांधलेल्या वह्या. शाई नाही, पेन्सिल. तीही तासून मिळणार. सगळं सरकारच्या हातात. तरी 1910-11 च्या हिवाळ्यात चारेक महिन्यांत 'गीतारहस्य' लिहून झालं! 1914 साली सुटले तेव्हा वह्या सरकारकडेच अडकल्या, तर म्हणे, पुन्हा लिहून काढेन, डोकं तर माझंच आहे. (वह्या मिळाल्या, 1915 ला पुस्तक आलं.)

'पोलादी इच्छाशक्ती' म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पुरेसं वाटत नाही.

1967 साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. जरा क्रूरच. विजेचे झटके ज्यांना काही केल्या थांबवता आले नाहीत, त्यातली बरीचशी नंतर सुटायची वाट असूनही पडून राहिली. डिप्रेशनच्या अभ्यासात हे फार गाजलं. पण ज्यांना आधी झटके चुकवता आले होते, ती पुढे तेच हाल होऊनही खचली नाहीत. म्हणजे लसच की! 2016 मध्ये या दोघांनीच लिहिलं की हातपाय गाळणं शिकावं लागत नाही, आपल्या हातात काही आहे हे शिकावं लागतं.

टिळकांना ही लस 1882 लाच मिळाली होती. डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांबरोबर 101 दिवस काढून आले, तर शाळा आणि केसरी दोन्ही चालू! अर्थात लस म्हणजे चिलखत नव्हे. 1912 मध्ये सत्यभामाबाई पुण्यात गेल्या, तेव्हा हा धक्का जबर बसल्याचं त्यांनीही पत्रात कबूल केलंय.

आता हे सगळं डोक्यात का, तर आमच्या सांगवीतला एक मित्र पाच महिने बेंचवर आहे. फोन उचलत नाही, दाढी करत नाही. 'काहीतरी करत राहा रे' सांगणारे आम्ही दहाजण. पण त्या पडून राहिलेल्या कुत्र्यांना आमिषं पुरली नव्हती. दोरीनं धरून पुन्हा पुन्हा पलीकडे न्यावं लागलं, मग ती आपणहून उठू लागली. म्हणून आता डॉक्टरांकडे आम्ही त्याच्यासोबत जातो, आणि येताना भाजी कुठली घ्यायची ते त्यानंच ठरवायचं. गेल्या शनिवारी बराच वेळ गाड्यापाशी उभा राहिला. शेवटी मेथी घेतली.