कॅमेऱ्यात न सापडलेलं लक्षण

आज आधी एक काम सांगतो. हा भाग संपला की यूट्यूबवर ‘वॉर न्यूरोसिस’ ही जुनी मूकफिल्म शोधा. पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, डॉ. आर्थर हर्स्ट यांच्या देखरेखीखाली ब्रिटिश सैनिकांवर ती काढली गेली. कुणाचे पाय लटपटतायत, कुणाला सरळ चालता येत नाही, आणि एक जण तर ‘बॉम्ब’ हा शब्द ऐकताच खाटेखाली शिरतो. बघवत नाही.

या त्रासाला ‘शेल शॉक’ म्हणायचे. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’मधल्या लेखात हा शब्द वापरला. पण थरथर दिसते, किंकाळी ऐकू येते. ज्याला आता कशातच गोडी वाटत नाही, त्याचं चित्रीकरण कसं करणार?

खरं तर या अवस्थेला नाव होतं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८९६ मध्येच ‘अ‍ॅनहेडोनिया’ हा शब्द दिला होता. म्हणजे सुख जाणवण्याची क्षमताच हरपणं. दुःख होणं वेगळं आणि हे वेगळं, बरं का. दुःखात निदान काहीतरी वाटत असतं.

मग युद्धाशी याचा सांधा कुणी जोडला? यात रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचा वाटा मोठा. १९६२ मध्ये ते हिरोशिमात अणुबॉम्बमधून वाचलेल्यांशी बोलले. आजूबाजूला काय चाललंय ते त्या लोकांना दिसत होतं, कळतही होतं. पण आतून काही वाटेनासं झालं होतं. लिफ्टन यांनी याला मनाचा बधिरपणा म्हटलं. त्या क्षणी हा बधिरपणा माणसाला तगवतो. पंचाईत नंतर होते, कारण संकट गेलं तरी तो जात नाही, आणि भीतीबरोबर माया आणि हसूही गोठून जातं.

पुढे १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक गोल करून मोकळेपणानं बोलायला लागले. लिफ्टन आणि खाईम शातान हे डॉक्टरही त्यांच्यात बरोबरीनं बसायचे. त्यात दुःस्वप्नं होती, संताप होता; पण घरच्यांवर प्रेमच करता येत नाही, ही तक्रारही होती. घरच्यांना मात्र वाटणार, हा बदलला, याला आपली किंमत राहिली नाही! मला तर हा या आजाराचा सगळ्यात क्रूर भाग वाटतो.

या मंडळींनी पाठपुरावा केला. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पीटीएसडी’ आला, आणि त्यात बधिरपणाही आला: आवडत्या गोष्टींतला रस ओसरणं, माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, भावना आक्रसणं. यातलं किमान एक असल्याशिवाय निदान होत नसे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तर आनंद, समाधान, प्रेम अनुभवता न येणं हे वेगळं लक्षण म्हणून स्पष्ट लिहिलं गेलं.

रिबोंच्या शब्दापासून मोजलं तर ११७ वर्षं. आता जा, ती फिल्म बघा. आणि लटपटणाऱ्या पायांवरून नजर काढून त्या पोरांच्या चेहऱ्यांकडेही बघा.