बाबुराव बागूल : कथाकार आणि मीमांसक

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षी १७ जुलैला शहरालगतच्या विहितगावात बाबुराव बागूल यांचा जन्म झाला. या योगायोगाला फार महत्त्व देऊ नये, कारण बागुलांची खरी जडणघडण मुंबईत, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात झाली. कामगार चळवळ आणि आंबेडकरी विचार तेथे एकाच वस्तीत नांदत होते. मार्क्स आणि आंबेडकर यांतून एकाचीच निवड करावी, असे त्यांना पुढे कधी वाटले नाही.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ मध्ये आला, ‘मरण स्वस्त होत आहे’ १९६९ मध्ये, तर ‘सूड’ ही लघुकादंबरी १९७० मध्ये. पहिल्या संग्रहाची शीर्षककथा आपण सारेच शिकतो, शिकवतो. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी आलेला निवेदक जात लपवून राहतो. ती उघड होताच त्याला मारहाण होते. मात्र शेवटी तो मारणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांच्या हातांमागे उभ्या असलेल्या मनूकडे बोट दाखवतो. जखमी माणसाने त्या क्षणी इतका तात्त्विक विचार करावा, हे काही वाचकांना कृत्रिम वाटते. मला मात्र तेथेच पुढचा मीमांसक दिसतो.

१९७२ च्या महाड येथील दलित साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बागुलांकडे होते. पुढे ‘दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान’ या ग्रंथात त्यांची भूमिका एकत्र आली. तिचा गाभा असा : राष्ट्रीय चळवळीला पूर्वजपूजेचे आणि पुराणांचे वळण लागले, त्यामुळे शूद्रातिशूद्र माणूस मराठी साहित्याचा नायक होऊ शकला नाही, तो नायक आंबेडकरांच्या विचाराने दिला. बागुलांचा ‘दलित’ हा शब्द म्हणूनच एका जातीपुरता उरत नाही. दलित साहित्य हे माणसाचे साहित्य आहे, हा त्यांचा आग्रह होता.

आता ‘आई’ ही कथा या विधानाशेजारी ठेवून पाहा. वर्गात आईवरची कविता ऐकून भारावलेला मुलगा, सोबत्यांच्या कुजबुजीने विषारलेले त्याचे मन, आणि ज्या तरुण विधवेने त्याला जपण्यासाठी सारे सोसले तिच्याकडेच संशयाने पाहणारी त्याची नजर! येथे शोषित माणूसच दुसऱ्या शोषिताचा न्यायाधीश होतो. हा माणूस नायक कसा म्हणावा? मीमांसक बागूल याचे उत्तर देत नाहीत. वस्तीतला पुरुष स्त्रीशी कसा वागतो हे कथाकाराला ठाऊक होते, सिद्धान्ताला ते सामावून घेता आले नाही. बागुलांचे मोठेपण मला या विसंगतीत दिसते. सिद्धान्त सोयीचा व्हावा म्हणून त्यांनी कथा सौम्य केली नाही.

विद्यापीठीय अध्यापनात मात्र दोन्ही बागूल वेगवेगळ्या घटकांत वाटले जातात. कथा कथेच्या तासाला, आणि विचार ‘दलित साहित्याची वैशिष्ट्ये’ या दहा गुणांच्या प्रश्नात. (उत्तरेही ठरलेली : विद्रोह, नकार, वेदना.) अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या १९९२ च्या इंग्रजी संकलनात ‘आई’ आणि दलित साहित्य हे मानवी साहित्यच आहे असे मांडणारा त्यांचा निबंध एकाच ग्रंथात आले, ते योग्यच झाले.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार बागुलांना २००७ मध्ये मिळाला. पुढच्याच वर्षी, २६ मार्च रोजी, नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.