रुग्णसंवाद : सातारा व सांगली

रुग्ण आणि त्याच्यावर उपचार किंवा त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती यांच्यामध्ये शब्दांनी व शब्दांवाचून होणारा आशयाचा विनिमय म्हणजे रुग्णसंवाद होय. त्याचे तीन प्रकार मानले जातात : (१) शाब्दिक – व्यथा विचारणे, रोग व उपचार समजावून सांगणे इत्यादी, (२) अशाब्दिक – मुद्रा, नजर, स्पर्श, स्वर व मौन, (३) उपचारात्मक – रुग्णाची भीती कमी व्हावी व स्वतःच्या उपचारात त्याने सहभागी व्हावे, या हेतूने जाणीवपूर्वक साधलेला संवाद. परिचर्याशास्त्रात या तिसऱ्या प्रकाराच्या विचाराला हिल्डेगार्ड पेप्लाउ या अमेरिकन परिचारिकेच्या १९५२ मधील ग्रंथाने चालना दिली. मूळ कल्पना मात्र प्राचीन आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रुग्णपरीक्षेची दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी तीन साधने सांगितली असून त्यांपैकी पहिली दोन शब्दांवाचूनची आहेत.

लोकभाषा व रोग : सातारा-सांगली परिसरात रुग्ण आपली व्यथा ज्या शब्दांत सांगतो, ते वैद्यकाच्या परिभाषेहून वेगळे असतात. ‘अंगावरून जाणे’ म्हणजे स्त्रियांचा स्राव, तर ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणजे पक्षाघात. हा भेद न जाणणाऱ्या चिकित्सकाचे निदान प्रश्नापाशीच चुकते. रोगाच्या नावातून रुग्णाची दृष्टीही प्रकट होते. ‘देवी येणे’ या शब्दप्रयोगात रोगाला देवतेचे आगमन मानले जाई. अशा घरी देवीची लस टोचणाऱ्याला आधी श्रद्धेशी बोलावे लागे. जत, मिरज या सीमाभागांत मराठीबरोबर कन्नडही बोलली जात असल्याने प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो.

प्लेगचा काळ : संवादाच्या अभावी काय घडते, हे १८९६ साली मुंबईत सुरू झालेल्या व पुढे सातारा जिल्ह्यातही पसरलेल्या प्लेगने दाखवून दिले. शेजारच्या पुण्यात सैनिकांकरवी घरांची झडती घेऊन रुग्णांना विलग करण्यात आले. संसर्ग रोखणे हा त्यामागील हेतू होता. परंतु परक्या पुरुषाने घरात शिरणे व स्त्रियांच्या अंगास हात लावणे यांतून लोकांना अपमान तेवढा कळला. रोगी लपविले जाऊ लागले. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागे हाच क्षोभ होता.

मिरजेचे रुग्णालय : याच काळात मिरज संस्थानात वेगळा प्रयोग चालू होता. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस (१८६५–१९३३) हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली भारतात आले. आरंभी सांगलीत दवाखाना चालवून ते मिरजेस गेले व १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले. शस्त्रक्रियांमुळे त्याची कीर्ती दूरवर पसरली आणि रेल्वेचे जंक्शन असल्याने मराठी व कन्नड मुलखांतून रुग्ण येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे स्थानिक तरुण-तरुणींना वैद्यक व परिचर्या यांचे शिक्षण मिळू लागले. रुग्णसंवादाच्या दृष्टीने ही घटना शस्त्रक्रियांइतकीच महत्त्वाची होय. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला धीर देणारी, पथ्य समजावणारी व रात्री उशाशी बसणारी व्यक्ती आता त्याचीच बोली बोलणारी होती. सांगली-मिरज दरम्यानच्या वॉनलेसवाडी येथील क्षय आरोग्यधामात तर याची विशेष गरज होती. स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधापूर्वी (१९४३) क्षयरोग्याला विश्रांती, आहार व मोकळी हवा यांवर महिनोन्‌महिने काढावे लागत. त्या काळात त्याचे मन खचू न देणे हा उपचाराचाच भाग होता.

नातेवाईकांचे स्थान : रुग्णाजवळ घरचे माणूस राहण्याची येथील रीत आहे. त्यामुळे रुग्णास आधार मिळतो; पण अनेकदा प्रश्न रुग्णाला आणि उत्तर नातेवाइकाचे, असे होते. विशेषतः सासू किंवा पती यांच्यासमोर स्त्री आपली व्यथा सांगत नाही. असाध्य रोगाची वार्ता रुग्णाऐवजी कुटुंबाला सांगण्याची प्रथाही यातूनच रूढ झाली.

उत्तरकाळ : १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८४ मध्ये कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिक्षण इंग्रजीतून व रुग्ण मराठी, हे अंतर मात्र राहिले. एड्‌सच्या साथीत त्याचे भान पुन्हा आले. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम सुरू केले, तेव्हा आरोग्याची माहिती त्यांच्यातीलच स्त्रियांकरवी देण्याची पद्धत स्वीकारली. ज्यांना केवळ उपदेश केला जाई, त्याच बोलणाऱ्या झाल्या. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ कार्यकर्तीही गावातलीच असते. २०१९ पासून देशातील वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचा रीतसर समावेश झाला आहे.

या परिसराच्या इतिहासावरून असे दिसते, की औषधावरील विश्वासाआधी औषध देणाऱ्यावरील विश्वास निर्माण व्हावा लागतो. तो सक्तीने लाभत नाही. रुग्णाची भाषा जाणणाऱ्या व त्याचे ऐकून घेणाऱ्या माणसामुळे लाभतो.