जागा आधी, नाव मागाहून

हार्मोनियमवर मध्य सप्तकातली 'पांढरी तीन' म्हटलं की बोट एकाच पट्टीवर जातं. दुसरीकडे जायला वावच नाही. गिटारवर मात्र तोच स्वर पाच ठिकाणी बसलेला असतो. सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की तो ऐकू येतो. दुसऱ्या तारेवर ५व्या पडद्याशी तो आहे, तिसरीवर ९व्याशी, चौथीवर १४व्याशी, आणि क्लासिकल गिटारला असतात तसे १९ पडदे असतील तर पाचव्या तारेच्या अगदी शेवटच्या पडद्याशीही तोच. मोकळ्या तारा धरून अशा गिटारवर १२० जागा होतात आणि त्यांतून वेगवेगळे स्वर निघतात फक्त ४४. फ्रेटबोर्ड पाठ करायला बसलेल्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे. आपली स्मरणशक्ती कमी पडते असं त्याला वाटतं. पण जागा आणि नाव यांची ही फारकत या वाद्याच्या कुळातूनच आलेली आहे.

ती फारकत मुळात नव्हती. साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर इटलीत लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं गेलं, 'डायलॉगस दे म्युझिका'. गुरू आणि शिष्य यांच्यातला तो संवाद आहे. त्यातला गुरू मोनोकॉर्ड नावाचं वाद्य पुढे घेतो. लांबट लाकडी पेटी आणि तिच्यावर ताणलेली एकच तार. तारेच्या लांबीचे नऊ भाग करायचे, पहिला भाग संपेल तिथे 'ए' लिहायचा, उरलेल्या तारेचे पुन्हा नऊ भाग, तिथे 'बी'. अशी मोजमापं करत अक्षरं तारेखाली लिहीत जायची आणि 'जी' झाला की पुन्हा 'ए'पासून सुरुवात. मुलानं अक्षर पाहायचं, तार तिथे दाबून ऐकायची आणि गळ्यातून तो स्वर काढायचा. दांडीवरचे स्वर पाठ करण्याची मला ठाऊक असलेली ही सर्वांत जुनी स्पष्ट रीत. आज नवशिके गिटारच्या दांडीवर अक्षरांचे स्टिकर चिकटवतात, ते नकळत तेच करत असतात. फरक एवढाच की तिथे तार एक होती, म्हणून जागा आणि नाव एकमेकांना चिकटून होते.

त्या मोजणीतली एक गोष्ट मात्र अजून आपल्या बोटांखाली आहे. सातही अक्षरं सारख्या अंतरावर नाहीत. बी आणि सी, ई आणि एफ ही दोन घरं शेजारी-शेजारी आहेत, बाकी सगळ्यांमध्ये एक घर मोकळं सुटतं. हार्मोनियमवर ही गोष्ट डोळ्यांना दिसते, कारण पांढरी तीन (ई) आणि पांढरी चार (एफ) यांच्यामध्ये काळी पट्टी नसते. सात (बी) आणि पुढची एक (सी) यांच्यामध्येही नसते. गिटारची दांडी सगळीकडे सारखीच दिसते, त्यामुळे ही दोन जोडपी कुठे आहेत हे तिथे मनानंच पाहावं लागतं.

अकराव्या शतकात अरेझोच्या ग्वीदोनं उत-रे-मी-फा-सोल-ला ही अक्षरं गाणाऱ्यांना दिली. त्याच्याच नावानं पुढे डाव्या तळहाताचा एक नकाशा रूढ झाला. बोटांच्या पेरांवर स्वर बसवलेले असत. गुरू पेरावर बोट ठेवी आणि मुलं गात. नाव पाठ करायचं तर त्याला शरीरावर जागा द्यावी लागते, हे त्या शिक्षकांना फार आधी उमगलेलं होतं.

तारांची वाद्यं या वाटेनं गेली नाहीत. सोळाव्या शतकातल्या ल्यूट आणि गिटारचे पडदे तांतीचे असत, दांडीभोवती बांधलेले आणि सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येणारे. ते कुठे बांधायचे यासाठी गॅलिलिओच्या वडिलांनी, विन्चेन्सो गॅलिलेई यांनी, १५८१ साली एक सोपा हिशेब मांडला. तारेचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा, उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून दुसरा, असंच पुढे. आजच्या ६५० मिलिमीटर तारेवर हा हिशेब चालवला तर १२वा पडदा बरोब्बर मध्यावर न पडता सुमारे २.४ मिलिमीटर अलीकडे पडतो. आता १८ऐवजी १७.८१७ने भागतात. पण खरा बदल याच्या आधीच झाला होता, तो असा की 'पहिला, दुसरा, तिसरा' ही पडद्यांची मोजणी पक्की झाली, आणि वादक स्वराच्या नावाकडे न बघता आकड्याकडे बघू लागले.

या आकड्यांच्या लिपीला टॅब्लेचर म्हणतात. तारेसाठी एक रेघ आणि रेघेवर पडद्याचा आकडा. लुईस मिलानचं 'एल माएस्त्रो' हे विउएला या गिटारसारख्या वाद्याचं पुस्तक १५३६ साली वालेन्सियात छापलं गेलं ते असंच. मला ही लिपी कधीच आळशांची वाटली नाही. पाच ठिकाणी मिळणारा स्वर नेमका कुठे घ्यायचा हे स्वराचं नाव सांगू शकत नाही, आकडा सांगतो. आणि मोकळ्या तारेचा टणत्कार वेगळा, १४व्या पडद्यावरचा जाड, मऊ आवाज वेगळा. वादकाला लागतं ते सगळं त्या आकड्यात होतं. नावाची गरज पडत नव्हती, म्हणून जवळजवळ अडीचशे वर्षं गिटारवाल्यांपैकी बहुतेकांनी नावं विचारलीच नाहीत.

त्यात अक्षरांनी आणखी गुंता केला. फ्रेंच टॅब्लेचरमध्ये आकड्यांऐवजी अक्षरं लिहीत. 'ए' म्हणजे मोकळी तार, 'बी' म्हणजे पहिला पडदा, मग तार कुठलीही असो. १६०६ साली फ्लॉरेन्समध्ये जिरोलामो मोन्तेसार्दोचं पुस्तक निघालं. आकडे आणि स्वरलिपी या दोन्हींवाचून गिटार वाजवता येईल असं त्याच्या नावातच जाहीर केलेलं होतं. ही 'आल्फाबेतो'ची रीत. प्रत्येक कॉर्डला एक अक्षर. पण त्या अक्षराचा स्वराशी काही संबंध नाही. आल्फाबेतोतला 'ए' धरला की वाजतो आजचा जी मेजर, 'बी' म्हणजे सी मेजर, 'सी' म्हणजे डी मेजर आणि 'ई' म्हणजे डी मायनर. अक्षर म्हणजे बोटांच्या एका ठेवणीची खूण, इतकंच. इटलीत ही रीत झपाट्यानं पसरली आणि गाण्यांच्या छापील पुस्तकांत ओळींवर ही अक्षरं दिसू लागली. म्हणजे एकाच 'ए'ला युरोपात तीन अर्थ होते: गाणाऱ्याचा स्वर, ल्यूटवाल्याची मोकळी तार आणि गिटारवाल्याचा कॉर्ड. आज गाण्याच्या शब्दांवर 'जी', 'ई मायनर' लिहिलेले कागद समोर ठेवून मुलं साथ करतात, तेव्हा अक्षरांना स्वरांचा खरा अर्थ परत मिळालेला असतो, पण डोळ्यांची आणि बोटांची सवय त्या आल्फाबेतोचीच असते.

तारांच्या जुळणीचाही एक वारसा आहे. गिटार लावताना सगळे शिकतात की ५व्या पडद्यावर दाबलेली तार पुढच्या मोकळ्या तारेशी जुळवायची, फक्त तिसऱ्या तारेवर ४था पडदा धरायचा. हा एक पडदा का चुकतो, असं प्रत्येक विद्यार्थी विचारतो. सोळाव्या शतकातल्या गिटारला तारांच्या चार जोड्या असत (बारीक जोडीच्या जागी बहुधा एकच तार असे) आणि त्यांतली अंतरं होती चौथं (पाच पडदे), तिसरं (चार पडदे), चौथं. पुढे खाली पाचवी जोडी आली, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सहावी, आणि १८०० च्या सुमारास जोड्या जाऊन सहा एकेरी तारा राहिल्या. नवी माणसं घराच्या एकाच बाजूला राहायला आली, मूळचं चौघांचं घर मात्र हललं नाही. त्या चौघांमधलं ते चार पडद्यांचं अंतर अजून जी आणि बी या तारांच्या मध्ये तसंच आहे. सप्तक शोधताना सहाव्या तारेवरून चौथीवर जायला दोन पडदे पुढे सरकावं लागतं आणि चौथीवरून दुसरीवर जायला तीन, ते याचमुळे.

नावं गिटारकडे परत आली ती याच सहा तारांच्या काळात. गिटारचं संगीत पाच रेघांच्या स्वरलिपीत छापलं जाऊ लागलं. फेदेरिको मोरेत्तीचं सहा जोड्यांच्या गिटारचं पुस्तक १७९९ साली माद्रिदमध्ये आलं, फेर्नान्दो सोरची 'मेथोद' १८३० साली पॅरिसमध्ये. कागदावर आता आकडा नव्हता, स्वर होता. तो दांडीवर कुठे घ्यायचा हे वादकानं ठरवायचं. फ्रेटबोर्ड पाठ असणं ही गरज इथे जन्मली.

इटलीत, स्पेनमध्ये आणि पोर्तुगालमध्ये ग्वीदोची अक्षरं स्वरांची कायमची नावं झाली. 'उत'चा 'दो' झाला. स्पॅनिश वादक आपल्या तारांना मी-ला-रे-सोल-सी-मी म्हणतो. तीच नावं पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. चर्चच्या शाळांतून गोव्याची मुलं सोल्फेजिओ, म्हणजे या नावांनी स्वर गाणं, शिकली. तिथून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या सिनेस्टुडिओंत स्वरलिपी वाचून वाजवत, आणि शेजारी बसलेला सतारिया सरगमवर वाजवे. माजोर्द्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. सतारियाचा 'सा' गायकाप्रमाणे सरकतो, गोव्याच्या वादकाचा 'दो' कधी हलत नाही. एकाच गाण्यात हे दोन्ही हिशेब मुकाट्यानं जुळत, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आपल्याकडे हलत नाहीत ती पेटीची नावं. 'काळी एक', 'पांढरी चार' ही खरं तर जागांची नावं, टॅब्लेचरसारखीच. पण पेटीवर एका स्वराला एकच पट्टी, म्हणून जागा हेच स्वराचं नाव होऊन बसलं. मला दांडी पाठ झाली ती या नावांनी. गिटारच्या सहाही मोकळ्या तारा पांढऱ्या आहेत: तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. दर आठवड्याला एकच पट्टी घ्यायची. पहिल्या सोमवारी पांढरी एक. जाड तारेवर ८व्या पडद्याशी, मग पाचवीवर ३ऱ्या, चौथीवर १०व्या, तिसरीवर ५व्या, दुसरीवर १ल्या, आणि बारीक तारेवर पुन्हा ८व्या. वडील आतल्या खोलीतून पेटीवर ती पट्टी दाबून धरत आणि माझं बोट चुकलं की भाता थांबवत.