ग्रीनर पितापुत्र आणि नव्या बंदुकीवरचा चुकलेला आक्षेप

१/
इ.स. १८५७ मध्ये ब्रिटिश सरकारने आपली एक जुनी चूक जाहीरपणे मान्य केली. बर्मिंगहॅमचे नामांकित बंदूककार विल्यम ग्रीनर यांना १,००० पौंड देण्यात आले. पुढच्याच वर्षी याच ग्रीनरांनी एका नव्या जातीच्या बंदुकीवर कठोर आक्षेप घेतले. ते आक्षेप काळाने खोटे ठरवले. चूक पदरात घेणे किती अवघड असते, याची ही कथा आहे.

२/
आधी सरकारची चूक. बार उडताच बूड फुगून नळीला घट्ट बसेल अशी गोळी ग्रीनरांनी १८३५ मध्ये तयार केली होती. लष्कराने तिची चाचणी घेतली. पण गोळी दोन तुकड्यांची आहे, या सबबीवर ती नाकारली. पुढे तेच तत्त्व फ्रान्सच्या मिनिए यांच्या नावाने गाजले आणि ब्रिटिश सरकारने त्यांना २०,००० पौंड मोजले. ग्रीनरांनी आपला हक्क लावून धरला. अखेर हे तत्त्व प्रथम त्यांनीच मांडले होते, हे सरकारला कबूल करावे लागले.

३/
त्या सुमारास शिकारी बंदुकीत मोठे स्थित्यंतर चालू होते. जुनी बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासावे लागत. फ्रान्समध्ये लेफोशे यांनी १८३० च्या दशकात बिजागरीवर मोडणारी, मागून काडतूस भरण्याची बंदूक पुढे आणली. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर ती इंग्रज कारागिरांच्या नजरेत भरली.

४/
१८५८ मधील आपल्या ग्रंथात विल्यम ग्रीनर यांनी या बंदुकीवर तीन आक्षेप नोंदवले. ती उत्तम ठासणीच्या बंदुकीची बरोबरी कधीच करू शकणार नाही. ती धोकादायक आहे, आणि पहिल्या वापरापासून अधिकाधिक धोकादायक होत जाते. शिवाय बंदूक आणि काडतुसे दोन्ही महाग. यांतला दुसरा आक्षेप सरळसरळ टिकाऊपणावर होता.

५/
हा आक्षेप निराधार नव्हता. ठासणीच्या बंदुकीची नळी मागच्या बाजूने कायमची बंद असते. मोडणाऱ्या बंदुकीत मात्र नळी आणि तिच्यामागचा पोलादी ठोकळा हे दोन सुटे भाग असतात. प्रत्येक बारासरशी त्यांना विलग करू पाहणारा जोर बसतो. बिजागरी झिजली की फट पडते आणि फट वाढली की वायू निसटतो. पहिल्या काडतुशी बंदुकांचे सांधे खरोखरच नाजूक होते.

६/
त्याच वर्षी लंडनमध्ये ‘द फील्ड’ या शिकार व क्रीडाविषयक साप्ताहिकाने दोन्ही जातींच्या बंदुकांची जाहीर चाचणी घेतली. त्यात ठासणीच्या बंदुका सरस ठरल्या. म्हणजे १८५८ पुरते ग्रीनरांचे निरीक्षण योग्यच होते. त्यांची चूक झाली ती ‘कधीच नाही’ या शब्दांत. आजच्या उणिवेवरून त्यांनी उद्याचा निकाल देऊन टाकला.

७/
त्या उणिवा एकेक करून दूर झाल्या. १८६१ मध्ये डॉ यांनी मध्यभागी टोपी असलेले काडतूस इंग्लंडमध्ये रूढ करण्यास आरंभ केला. काडतुसाचे कवच बाराच्या वेळी फुगून वायूची वाट अडवी. १८६३ मध्ये पर्डी यांनी नळ्या खालून घट्ट धरणारा दुहेरी खटका आणला. आणि सांधा वरून जखडणारा आडवा खटका ज्याने प्रसिद्ध केला, तो होता विल्यम ग्रीनर यांचाच मुलगा, विल्यम वेलिंग्टन ग्रीनर.

८/
मुलाचा काडतुशी बंदुकीवर विश्वास होता. या मतभेदातून त्याने वेगळा कारखाना काढला आणि १८६४ मध्ये अशा बंदुकीचे पहिले पेटंट घेतले. वडील अखेरपर्यंत ठासणीच्या बंदुकांशीच एकनिष्ठ राहिले. स्वतःची नाकारलेली गोळी सरकारकडून मान्य करवून घेणाऱ्या या माणसाला, समोरच्या नव्या वस्तूला तसाच न्याय देणे जमले नाही. १८६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

९/
पुढे संशयाची पाळी मुलावर आली. १८७४ च्या अखेरीस धाकट्या ग्रीनरने ‘चोक’ पद्धतीच्या नळीची जाहिरात केली. या नळीचे तोंड किंचित आवळलेले असते, त्यामुळे छर्रे कमी पसरतात. ही कल्पना एकट्या त्याची नव्हती. न्यूकॅसलच्या पेप यांनी १८६६ मध्येच पेटंट घेतले होते. पण ग्रीनरचा दावा अचाट होता. ४० यार्डांवरील ३० इंची वर्तुळात साधारण बंदुकीचे सरासरी १३० छर्रे बसत. तो २१० ची हमी देत होता. कोणाचा विश्वास बसेना.

१०/
‘द फील्ड’चे संपादक जॉन हेन्री वॉल्श पेशाने शल्यवैद्य होते. बंदूक फुटून त्यांच्या डाव्या हाताला कायमची इजा झाली होती. बंदुकीबाबतच्या मोठ्या बोलांवर सहज भाळावे असा हा माणूस नव्हे. त्यांनी ग्रीनरला दावा सिद्ध करण्याचे आव्हान दिले. प्रत्यक्ष चाचणीत सरासरी २१४ भरली, म्हणजे दाव्याहूनही अधिक. साप्ताहिकाने निकाल छापला. १८७५ च्या लंडनमधील चाचण्यांत ग्रीनरच्या चोक नळ्यांनी बाजी मारली.

११/
दोन्ही प्रसंगांत शंका रास्त होती. फरक पडला तो शंका मांडण्याच्या रीतीत. थोरल्या ग्रीनरांनी आक्षेपाला भविष्यवाणीचे रूप दिले. ती मागे घ्यायची तर उभ्या हयातीची प्रतिष्ठा पणाला लागत होती. वॉल्श यांनी अंतर, वर्तुळ आणि मोजणी आधी ठरवली. आपली शंका कोणत्या आकड्याला मागे घ्यावी लागेल, हे त्यांनी जणू अगोदरच लिहून ठेवले. म्हणून निकाल विरुद्ध गेला तरी तो छापताना साप्ताहिकाची पत घटली नाही, उलट वाढली.

१२/
वडिलांच्या मृत्यूनंतर धाकट्या ग्रीनरने दोन्ही कारखाने एकत्र केले. ज्या घराण्याच्या ग्रंथात काडतुशी बंदूक दिवसेंदिवस धोकादायक होत जाते असे छापले होते, त्याच घराण्याच्या काडतुशी बंदुका पुढे जगभर मजबुतीसाठी नावाजल्या गेल्या. वडिलांनी शब्दांत न दिलेली कबुली मुलाच्या कारखान्यातून पोलादात घडून बाहेर पडत राहिली.