लेरिचीचे आखात आणि वाट पाहणाऱ्या दोघी

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर ला स्पेत्सियाचे आखात आहे. त्याच्या एका टोकाला पोर्तोव्हेनेरे, दुसऱ्या बाजूला लेरिची, आणि लेरिचीला लागूनच सान तेरेन्झो हे छोटे गाव. 'कवींचे आखात' हे त्याचे आजचे लाडके नाव. ते १९१० साली सेम बेनेल्ली या नाटककाराने दिले असे मानले जाते. म्हणजे ज्या कवींमुळे हे नाव पडले, त्यांनी ते कधी ऐकलेही नव्हते.

आम्ही उभयतांनी एका जून महिन्यात लेरिचीहून दिवसभरासाठी एक लहान मोटारबोट भाड्याने घेतली. चाळीस अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाची बोट चालवायला तेथे परवाना लागत नाही. बोटवाल्याने पंधरा मिनिटे शिकवले, नकाशावर बोटाने सीमा आखून दिल्या आणि दोरी सोडली. समोरचे पोर्तोव्हेनेरे सरळ रेषेत सात-आठ किलोमीटर. पालमारिया बेटाला वळसा घालून, खडकावरचे सान पिएत्रोचे देऊळ पाहून आम्ही दुपारी परत फिरलो. समुद्र इतका शांत होता, की या पाण्याने कुणाचा जीव घेतला असेल हे पटणे कठीण.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. केशवसुतांची कविता शिकवताना शेलीचे नाव निघते आणि नाव निघाले की त्याच्या मृत्यूची कथाही. बुडालेला तरुण कवी, खिशात कीट्सच्या कवितांचे पुस्तक, आणि समुद्रकिनारी मित्रांनी रचलेली चिता. मृतदेहाचे दहन आमच्या विद्यार्थ्यांना परके वाटत नाही, त्यामुळे येथे वर्ग नेहमी शांत होई. मित्रांनी प्राचीन ग्रीकांच्या रीतीने कवीला निरोप दिला, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. ते अर्धेच खरे होते, याची जाणीव आम्हांला त्या आखातात झाली.

१८२२ च्या एप्रिलअखेर शेली दांपत्य आणि एडवर्ड व जेन विल्यम्स हे जोडपे सान तेरेन्झो येथील 'कासा मान्यी' या घरात राहायला आले. विल्यम्स भारतात सैन्यात नोकरी करून आलेला होता. घराच्या कमानींपर्यंत तेव्हा लाटा येत. मे महिन्यात जेनोआत बांधलेली शिडाची बोट आली. ती उघडी होती, तिला वरचा तक्ता नव्हता. शेलीला पोहता येत नव्हते. १६ जूनला मेरीचा गर्भपात झाला. रक्तस्राव थांबेना, तेव्हा शेलीने तिला बर्फात बसवले आणि ती वाचली. वैद्य त्यानंतर पोहोचला.

१ जुलैला शेली आणि विल्यम्स ली हंटला भेटायला लिव्होर्नोला गेले. ८ जुलै, सोमवारी दुपारी ते परत निघाले. सोबत चार्ल्स व्हिव्हियन हा अठरा वर्षांचा खलाशी पोरगा होता. अंतर साठ-सत्तर किलोमीटर. वाटेत वादळ झाले आणि बोट दिसेनाशी झाली.

घरी मेरी आणि जेन वाट पाहत होत्या. खराब हवेमुळे ते निघालेच नसतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. शुक्रवारी हंटचे शेलीच्या नावे पत्र आले. सोमवारी वाईट हवेत निघालात, सुखरूप पोहोचलात ना, अशी त्यात विचारणा होती. मेरी अजून अशक्त होती, तरी दोघी त्याच दिवशी निघाल्या. रात्री उशिरा पिसाला बायरनच्या दारी, तेथून तशाच लिव्होर्नोला. काहीच हाती न लागता त्या परतल्या. १९ जुलैला संध्याकाळी ट्रेलॉनीने बातमी आणली, की व्हियारेज्जोजवळ मृतदेह सापडला आहे. ८ तारखेपासून अकरा दिवस लोटले होते.

समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले मृतदेह साथीच्या भयाने चुनकळी घालून तेथेच वाळूत पुरावेत, असा त्या काळचा आरोग्यविषयक नियम होता. मेरीला पतीचे दफन रोममध्ये हवे होते. तेथे त्यांचा लहानगा विल्यम १८१९ पासून विसावला होता. देह नेता येत नव्हता, रक्षा नेता येत होती. म्हणून अधिकाऱ्यांची परवानगी काढून दहन झाले. १५ ऑगस्टला विल्यम्सचे, १६ ला शेलीचे. मद्य, तेल, धूप हा ट्रेलॉनीने केलेला साज खरा. पण मूळ कारण होते कायदा आणि एका आईची इच्छा.

पुढे ट्रेलॉनीने हा प्रसंग पुनःपुन्हा लिहिला, आणि त्याचे तपशील बदलत गेले. १८८९ साली लुई एदुआर फूर्निये या फ्रेंच चित्रकाराने त्यावर प्रसिद्ध चित्र काढले. त्यात मेरी मागे गुडघे टेकून बसलेली आहे आणि हवा हिवाळी, करडी आहे. वस्तुतः ऑगस्टचे कडक ऊन होते आणि मेरी तेथे नव्हतीच. चितेपाशी तिला नेऊन बसवणारी ही कल्पना तिच्या खऱ्या अकरा दिवसांपाशी मात्र थांबली नाही.

ते दिवस मेरीने स्वतः नोंदवले आहेत, ऑगस्टमध्ये मरिया गिस्बोर्नला लिहिलेल्या दीर्घ पत्रात. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. शेलीचे चरित्र लिहायला तिच्या सासऱ्याची बंदी होती. म्हणून १८३९ च्या काव्यसंग्रहात तिने टिपांमधून ते जीवन सांगितले. आज आपण जो शेली वाचतो, तो बऱ्याच अंशी या बाईने सांभाळलेल्या कागदांतून आला आहे.

परतताना आम्ही सान तेरेन्झोपाशी आलो. बोट तेथे बांधता येणार नव्हती. म्हणून आमच्यापैकी एकाने धक्क्यावर उतरून घर पाहायचे आणि दुसऱ्याने बोट थोडी दूर नेऊन थांबायचे ठरले. घरापुढून आता रस्ता जातो, लाटा कमानींपर्यंत येत नाहीत. पंधरा मिनिटांचे बोलणे झाले होते. पर्यटकांच्या बोटी मध्ये आल्या, भ्रमणध्वनी लागेना, आणि चाळीस मिनिटे आम्ही एकमेकांना दिसलो नाही. समुद्र शांत होता, दिवस उजेडाचा होता, भय बाळगण्याचे काहीच कारण नव्हते. तरी धक्क्यावर उभे राहून प्रत्येक पांढऱ्या बोटीकडे पाहताना काय होते, ते त्या चाळीस मिनिटांत कळले.

आता वर्गात शेलीचा मृत्यू आला, की आम्ही चितेची कथा शेवटी सांगतो. आधी त्या दोघींचे अकरा दिवस सांगतो, आणि व्हिव्हियन या पोराचे नावही घेतो. वर्ग तेव्हाही शांत होतो.