जुना सीडी प्लेअर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार झाली, की जांब नदीच्या काठी गणपतीचे वेध लागतात. तेव्हा आम्ही कपाटातला जुना सीडी प्लेअर काढतो.

सोनीचा पहिला सीडी प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीस आला. १२ सेंटिमीटरच्या तबकडीवर आवाजाच्या सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक १६ बिटांची. फिलिप्सजवळ तेव्हा १४ बिटांचीच चिप होती. तिला चौपट वेगाने चालवून त्यांनी उणीव भरून काढली. आहे त्यातून अधिक काढायचे, हाच पुढे हौशी दुरुस्तीकारांचाही बाणा झाला. ते सुकलेले कपॅसिटर बदलतात, वीजपुरवठा सुधारतात, चांगला ऑप-अ‍ॅम्प बसवतात.

आमची मजल लहान. भिंग पुसले, ट्रेचा सैल रबरी पट्टा बदलला. एकदा कपॅसिटर उलटा बसवला आणि घरभर धूर झाला!

एवढा खटाटोप एका सीडीसाठी. तीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. मूळ कॅसेट कधीच खराब झाली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीत हिंदी, घरात मराठी. आता मुले घरातही हिंदीच बोलतात.

ओव्या पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत. पण आरतीनंतर प्लेअर लावला, की मुले जवळ येऊन बसतात आणि विचारतात, "या शब्दाचा अर्थ काय?" तेवढ्यासाठी तरी हे यंत्र चालू ठेवायचे आहे.